बांधावरचे रविवार

ते साल दोन हजार बावीस. इतर सालं प्रेमलाला लग्नांवरून आणि मयतांवरून आठवतात. हे साल तिला रविवारांवरून आठवतं. पाऊस त्या वर्षी मनासारखा झाला होता, अंबडकडची शेततळी काठोकाठ भरली होती, आणि गणपती उठल्यापासून तिचा मुलगा अंगद दर रविवारी औरंगाबादहून गाडी घेऊन जालन्यातल्या मस्तगडला यायचा, तिला शेजारी बसवायचा आणि मामाच्या शेतावर पोहायला जायचा. पोहायचा तो, ती बांधावर बसून राहायची. नवरा, राधाकिसन, गेल्यापासून आठवड्यातला एखादा दिवस कुणाची वाट बघण्यात जावा, असं तिच्या वाट्याला आलं नव्हतं. शनिवारी दुपारपासूनच ती शेंगदाण्याची चटणी कुटायला घ्यायची, लुगड्यांच्या घड्या उलगडून बघायची, आणि शेजारची कमरबी गच्चीवरून हसायची, "क्या गे प्रेमला, कल इतवार दिसतंय. आज तेरे घर के भांडे बहुत बोल रहे."

मार्गशीर्षातला एक रविवार. जुन्या जालन्यातून निघताना मोंढ्याकडच्या गल्लीत पोत्यांनी लादलेला हातगाडा आडवा आला, त्याला चुकवायला एक ऑटो एकदम समोर घुसला, आणि अंगदनं कचकन ब्रेक दाबला. प्रेमलाच्या मांडीवरचा भाकरीचा डबा घसरून तिच्या पायाशी पडला. ऑटोवाला मान बाहेर काढून हातगाडेवाल्याशी भांडायला लागला, मागून हॉर्न सुरू झाले, आणि त्या कल्लोळात अंगद समोरच्या काचेतून बघत, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "आई, आता तूच सांग. मी जाऊ का नको? तू जा म्हणलीस तर जातो. न्हाई म्हणलीस तर नाव काढून घेतो." मग ऑटो सरकला, त्यानं गियर टाकला आणि तो हायवेवरच्या खड्ड्यांबद्दल बोलायला लागला. प्रेमलानं वाकून डबा उचलला, झाकण दाबलं, पुन्हा मांडीवर घेतला. अंबड रोडला लागेपर्यंत तिचे दोन्ही हात त्या झाकणावरच होते. हे आपल्याला का विचारलं असावं, हे तिला कळत नव्हतं. आजवर त्यानं तिला काही विचारलं नव्हतं. नोकरी धरताना नाही, घर घेताना नाही. सांगितलं होतं, तेही उशिरा. आणि आता चाळिशी उलटल्यावर, डोक्यावर विरळ झालेले केस घेऊन, तो तिला विचारत होता, जाऊ का.

जायचं होतं ते कोकणात, समुद्रावर, एका स्पर्धेला. आधी जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं, लगेच बाहेर येऊन सायकलवर बसायचं ते नव्वद किलोमीटर, आणि सायकल टाकली की एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं एका दमात, वेळ ठरलेली. प्रेमलाला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही शिक्षा वाटली होती. पण राधाकिसन ज्या वयात बस डेपोच्या बाकावर बसल्याबसल्या गेला, ते वय अंगदला जवळ दिसायला लागलं होतं. डॉक्टरनं चालायला सांगितलं, चालण्याचं पळणं झालं, पळण्याला सायकल जोडली गेली, आणि शेवटी राहिलं पाणी. पाणी त्याला येत नव्हतं. राधाकिसनला पाण्याची धास्ती. त्यानं पोराला विहिरीच्या काठाशी कधी फिरकू दिलं नाही, आणि प्रेमलाही घरात भांडण नको म्हणून गप्प राहिली. अंगद पोहायला शिकला तो औरंगाबादच्या तलावात, चाळिसाव्या वर्षी, मास्तर लावून. तिथं तळाला काळी रेघ, दोन्ही बाजूंना दोऱ्या, पाणी काचेसारखं. समुद्रात रेघ नसते म्हणून उघड्या पाण्यात सराव कर, असं मास्तरनं सांगितलं, आणि त्याला मामाचं शेततळं आठवलं.

सुग्रीव, प्रेमलाचा धाकटा भाऊ. अंबडच्या अलीकडे त्याची मोसंबीची बाग आणि बागेच्या उशाला ते तळं. काळं प्लास्टिक अंथरलेलं, चारी बाजूंनी उतरतं. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, आत पडलेला माणूस काठाशी येऊन बुडतो. म्हणून सुग्रीवनं चारी अंगांनी गाठी मारलेले दोर सोडले होते आणि ट्रकच्या जुन्या ट्यूबा फुगवून ठेवल्या होत्या. पहिल्या रविवारी अंगदनं कमरेला नारिंगी फुगा बांधला, डोक्यावर नारिंगी टोपी चढवली, तेव्हा सुग्रीव बांधावर उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आक्का, आपला भोपळा बरा होता. ह्याच्यात तं नुसती हवाच दिसून राह्यली."

"मामा, ह्यानं पोहायला मदत होत न्हाई. दमलो तर धरायला आहे," अंगद म्हणाला.

"मंग समुद्रात बी बांधून जायचा का?"

"न्हाई, तिथं चालत न्हाई. तिथं छोट्या होड्या असतात. दम लागला की हात वर करायचा, होडी येते. धरून थांबलं तरी बाद करत नाहीत, फक्त तिनं ओढून पुढं न्यायचं नसतं."

"मंग धरशील ना तू?" प्रेमलानं विचारलं होतं.

"धरायची वेळच येणार न्हाई," अंगद म्हणाला आणि पाण्यात उतरला.

किती रविवार गेले. ती बांधावर घोंगडी टाकून बसायची. त्याचा हात वर यायचा, पडायचा, तोंड एका बाजूला उघडायचं, मागून फुगा डुलत यायचा. पाण्यावर मोसंबीच्या झाडांची सावली असायची, ती तो मोडायचा, तो पुढं गेला की ती परत जुळायची. बोलणं फार होत नव्हतं. पोहून आला की तो कुडकुडत टॉवेल गुंडाळून तिच्याशेजारी बसायचा, ती भाकरी मोडून द्यायची, आणि त्याच्या ओल्या केसांतून पाण्याचा एखादा थेंब तिच्या मनगटावर पडायचा. ती तो पुसायची नाही. तो म्हणायचा, "आज बराबर झालं ना?" ती म्हणायची, "झालं." एवढंच. पण तेवढ्यावर तिचा सोमवार, मंगळवार निघायचा; बुधवारी ते विरळ व्हायचं, आणि गुरुवारी ती मस्तगडच्या त्या दोन खोल्यांत भिंतीवरच्या पालीशी बोलताना स्वतःला पकडायची. बायको त्याची बँकेत, मुलगी दहावीला. त्यांना रविवार झोपायला हवा असायचा. म्हणजे हे पोहणं त्याचंही एकट्याचंच होतं, आणि बघणारी जगात ती एकटी. कदाचित म्हणूनच त्यानं विचारलं असेल. तिच्याशिवाय त्याला पाण्यात कुणी पाहिलंच नव्हतं.

आणि पाहिलं होतं म्हणूनच तिला उत्तर देता येत नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं आयुष्यभर चौथीच्या पोरांना पास-नापास केलं, हात कधी अडखळला नाही. इथं अडखळत होता. अंगद लांबवर पोहत होता, दमही पुरत होता. पण मधेच वाऱ्यानं पाणी हललं आणि एखादा हबका तोंडावर बसला, की तो डोकं वर काढायचा, पाय खाली सोडायचा, आणि क्षणभर त्याची मान अशी ताठायची की बांधावर तिचीच नस ओढली जायची. मग तो हसायचा, खोकायचा, पुन्हा सुरू. हे तिला दिसत होतं. पण दिसत होतं ते खरं होतं, की तिला हवं होतं म्हणून दिसत होतं? नको जाऊ म्हटलं तर पुढच्या वर्षीपर्यंत रविवार चालू राहतील. जा म्हटलं तर समुद्र झाला की पोहणं झालं, तो सायकलीकडं वळेल, मित्रांकडं वळेल. तिच्या जिभेवर येणारा प्रत्येक शब्द तिला स्वतःच्या सोयीचा वाटायला लागला. रात्रीचं दूध नासलं की काय हे कळायला पुन्हापुन्हा वास घ्यावा आणि शेवटी नाकच बधिर व्हावं, तसं तिचं मन झालं होतं.

तिला तिच्या वडिलांची आठवण होत होती. तातेराव मेंढरंवाले. लोकर कातरायच्या आधी मेंढरं नदीच्या डोहात नेऊन धुवायचे, आणि त्या धुण्यातच घरातली सगळी पोरं, मुलीसुद्धा, पोहायला शिकायची. आधी पाठीला वाळला भोपळा. मग कितीतरी दिवस भोपळ्यासकट विहिरीत. आणि भोपळा सोडायच्या दिवशी गलका. गलका म्हणजे तातेरावांचा नेम होता: शिकणाऱ्याला विहिरीच्या मध्यावर सोडायचं आणि बाकीच्या पोरांनी चहूबाजूंनी उड्या टाकायच्या, तोंडावर पाणी मारायचं, पाय ओढायचे, आरडाओरडा करायचा. त्या धुमाळीत जो श्वास न तोडता पायरीपर्यंत आला, त्याचा भोपळा सुटला. बाकीच्यांना परत बांधायचा. तातेराव पायरीवर उभे राहून सांगायचे, मेंढरू पाण्याला भीत न्हाई, शेजारच्या मेंढराला भेतं. दचकलं की त्याच्या पाठीवर चढतं आणि दोघंबी जातेत. प्रेमलाचा गलका झाला तेव्हा ती सात वर्षांची होती. पाणी हिरवं होतं, कानात बुडबुड्यांचा आवाज होता, कुणाची तरी टाच तिच्या ओठावर बसली होती, आणि तिला हसू येत होतं. पायरी हाताला लागली तरी ती हसतच होती. तसं हसू नंतर कधी आलं, तिला आठवत नाही.

गाडी सुग्रीवच्या बांधाला लागली तेव्हा तिनं ठरवलं. आपण सांगायचंच नाही. पाण्यालाच सांगू द्यायचं.

"तळ्यात नको आज," ती म्हणाली. "बागेतल्या जुन्या विहिरीत उतर. गलका करू."

अंगदला गलका काय ते सांगावं लागलं. तो हसला, "करा की. तिथंबी शेकडो लोक एकदमच उतरतात." सुग्रीवला तर तेच हवं होतं. मोसंबी तोडायला आलेले तीन-चार गडी होते, आणि माल बघायला आलेला अंबडचा बागवान आमेर होता, पोटानं गोल, पाण्यात मात्र मासा. त्यानं शर्ट काढून डाळिंबाच्या फांदीला अडकवला. "बुरा नको मानू साहब, हम तो फुकट में नहा के घेतो."

"भाचेसाहेब," सुग्रीव लुंगी खोचत म्हणाला, "समुद्रात काय तुम्हाला रांगेत सोडणारेत का, रेशनच्या दुकानावानी?"

अंगदनं फुगा काढून पायरीवर ठेवला आणि मध्यापर्यंत पोहत गेला. पहिली उडी सुग्रीवची. मग सगळ्यांच्याच. विहीर एकदम आवाजानं भरून गेली, भिंतींतून तो आवाज परत येत होता, पारवे फडफडत वर गेले. प्रेमला वरच्या पायरीवर उभी होती. अंगदचे दोन हात व्यवस्थित पडले, तिसरा अर्धा राहिला. कुणाचा तरी खांदा त्याच्या तोंडावर आला. त्यानं डोकं वर काढलं, तोंड उघडलं, आणि तिला दिसलं की तोंड उघडं आहे पण आत काही जात नाही. तो चार वर्षांचा असताना तापात त्यानं डोळे फिरवले होते तेव्हा तो असा दिसला होता. मग त्यानं आमेरची मान धरली. मान धरली आणि त्याच्यावर चढला, गुडघे त्याच्या छातीला लावून, जिना चढावा तसा. आमेर खाली गेला. पाण्यावर नुसता अंगद राहिला, वर, कोरड्या आभाळाकडं बघत. सगळ्यांचं हसू अजून चालूच होतं. ते थांबायला वेळ लागला. आमेर भानावरचा माणूस, त्यानं झोंबाझोंबी केली नाही, खालूनच पायरीकडं सरकला आणि दोघं दगडाला लागले. तो खोकत खोकत वर आला आणि म्हणाला, "बस साहब, बस. मैं घोडा नै." कुणी हसलं नाही. अंगद पायरीवर बसला. पायरीवरचा फुगा त्यानं जवळ ओढला आणि त्यातली हवा सोडून दिली.

प्रेमलाला पुढं कितीतरी दिवस एकच गोष्ट छळत राहिली. अंगद आमेरच्या मानेवर चढला त्या क्षणी तिच्या छातीत दोन गोष्टी झाल्या होत्या. एक भीती. आणि दुसरी, काहीतरी सैल झाल्यासारखं, पुढचा रविवार पक्का झाल्यासारखं. आधी कोणती आली? भीती आधी आली असेल तर ती आई होती. तिनं तो क्षण पुन्हापुन्हा मनात आणून बघितला, भाजी निवडताना, आंघोळीचं पाणी तापताना, आणि दर वेळी तो वेगळा दिसला.

परतताना अंगदनं अंबड रोडभर गाडी पळवली. एका बाजूला कापसाची वेचणी चालू होती. मस्तगडच्या दारात गाडी थांबवून, इंजिन चालूच ठेवून तो म्हणाला, "झालं मनासारखं?"

"अंगद..."

"चार गड्यांसमोर. मामासमोर. तुला न्हाई म्हणायचं होतं तर गाडीतच म्हणायचं होतंस ना."

"मला येत नव्हतं म्हणता."

"मंग आता म्हण."

तिनं त्याच्याकडं बघितलं. ओले केस कपाळाला चिकटले होते. "जाऊ नको," ती म्हणाली. "पोहायला येतंय तुला. माणसांत पोहायला येत न्हाई. आज आमेर होता म्हणून. तिथं तुझ्या हाताखाली कोण येईल, कुणाचं लेकरू येईल, तुलाबी कळायचं न्हाई."

"तिथं नियम असतात आई."

"नियम पाण्याला ठाऊक असतात का? आणि जाशीलच तर एक कर. सगळ्यांच्या मागं उतर, कडेकडेनं. छाती धरली की पाठीवर हो आणि हात वर कर. होडी धर."

"होडी धरायला इतके महिने घासलो का मी?" त्यानं हात लांबवून तिच्या बाजूचं दार उघडलं. ती उतरली. भाकरीचा डबा गाडीतच राहिला आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

पुढचा रविवार आला आणि गेला. कमरबीनं गच्चीवरून विचारलं, "बेटा नै आया?" आणि प्रेमला म्हणाली, काम आहे त्याला. त्यानंतरच्या रविवारी सुग्रीवचा फोन आला की भाचेसाहेब कालच कोकणात गेल्ते, तुला सांगितलं न्हाई का? ती म्हणाली, सांगितलं की. मग ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. कमरबी आली, शेजारी बसली, तिनं आणलेला शिरखुर्मा वाटीत तसाच थिजला. प्रेमलाच्या डोळ्यांपुढं समुद्र येत नव्हता, तिनं तो पाहिलाच नव्हता; येत होती ती विहीर, वाढत वाढत गेलेली, भिंती दूर सरकलेल्या, आणि कुठंच पायरी नाही. आपण नको म्हणालो म्हणून तो हट्टानं गेला की काय, हे एकदा मनात आलं ते हललंच नाही. जा म्हटलं असतं तर कदाचित तो स्वतःच थांबला असता. पोरं अशी असतात. बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला, कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, उन्हाचा पट्टा फरशीवरून पलंगाच्या पायाला लागला.

दुपारी फोन वाजला.

"आई," अंगद म्हणाला. "बाहेर आहे मी."

कमरबीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मागंच उतरलो होतो. पहिल्या वळणावर सगळे एकदम गोळा झाले. कुणाचा तरी पाय तोंडावर बसला. मला समोर एकाची पाठ दिसली आणि..." तो थांबला. "धरणारच होतो. मंग पाठीवर झालो. हात वर केला."

"होडी आली?"

"आली. त्या पोरानं मला नाव विचारलं, गाव विचारलं. जालना म्हणलो तर म्हणाला, तिकडं पोहायला पाणी कुठंय? बोलतच राहिला. बरं वाटलं. पण पुढं जाता आलं न्हाई मला. त्यांनी काठावर आणून सोडलं." समुद्राचा वारा फोनमध्ये खरखरत होता. "तुला सांगायचं होतं," तो म्हणाला. "बस. ठेवतो."

त्यानंतर ते रविवार परत आले नाहीत. तो रागावला होता म्हणून नव्हे, असं तिला वाटतं. दिवाळीला तो येतो, नीट बोलतो, पाया पडतो. पण त्या तळ्यावर तो पुन्हा गेला नाही. ज्यांनी पडताना बघितलं त्यांच्याकडं माणूस परत शिकायला जात नाही. त्यानं औरंगाबादेत पोहणाऱ्यांचा एक गट धरला; ते दहा-बारा जण मिळून धरणावर जातात, एकमेकांच्या अंगावर मुद्दाम पोहतात, पाय ओढतात. हे तिला सुग्रीवकडून कळलं.

आमेर बागवाननं त्या हंगामातला सगळा माल चांगल्या भावानं नेला आणि ती गोष्ट अंबडच्या बाजारात कुणाला सांगितली नाही. पुढच्या वर्षी पाऊस रुसला, सुग्रीवच्या तळ्यात प्लास्टिकच्या सुरकुत्या उघड्या पडल्या, अर्धी बाग त्यानं तोडली. आता गुडघ्यानं अधू झालाय, काठी घेऊन गड्यांवर ओरडतो. कमरबीला तिची मुलगी अंबरीन परभणीला घेऊन गेली. जाताना कमरबीनं दोन कुंड्या दिल्या, एकीतला पुदिना जगला. गच्चीवर आता दुसऱ्या लोकांचे कपडे वाळतात.

प्रेमला मस्तगडलाच आहे. गेल्या वर्षी थंडीत एका दुपारी तिचा फोन वाजला. अंगद होता, दम लागलेला. "आई, झालं. तिन्ही झालं. पळूनबी आलो." ती म्हणाली, "पोहताना?" तो म्हणाला, "पोहताना कायबी न्हाई झालं. खूप लोक होते," आणि तेवढ्यात मागून कुणी त्याला हाक मारली, तो म्हणाला, "थांब आई, ठेवू नको, आलोच." फोन त्यानं कशावर तरी ठेवला असावा. भोंग्यावर कुणी नावं घेत होतं. माणसं हसत होती, एकमेकांना पाणी देत होती, कुणीतरी कुणाच्या पाठीवर थाप मारली, आणि मधे एकदा अंगदचं हसणं ऐकू आलं, मोठं, उघड्या तोंडाचं, जे तिनं त्याच्या लहानपणापासून ऐकलं नव्हतं. मग तेही इतर हसण्यांत मिसळून गेलं. तो परत फोनकडं आला नाही, विसरला. प्रेमलानं फोन ठेवला नाही. शेगडीवरचं दूध उतू जाईल म्हणून तिनं उठून गॅस बंद केला आणि पुन्हा येऊन फोन कानाला लावला. त्या सगळ्या अनोळखी माणसांचे आवाज ती ऐकत बसली, कुणीतरी तिकडून तो बंद करेपर्यंत.